शेवटच्या फेरीची जागा

भाऊजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीच्या माझ्या दुकानात कुणाचं तरी पुण्याचं रिझर्व्हेशन करत होतो. ताईचा आवाज अगदी साधा होता. "बापू, तुह्ये भाऊजी गेले रे... डायलिसिसले निघालो होतो, आटोतच मान टाकली त्याइनं." समोरच्या गिऱ्हाइकाला खालचा बर्थ हवा होता. तो मी काढून दिला आणि मगच शटर ओढलं. याची मला अजून लाज वाटते. या माणसाला मी आठ महिने एका बंद पडलेल्या गाडीच्या आशेवर ठेवलं होतं, आणि तो गेला तेव्हाही माझे हात तिकिटाच्याच कामात होते.

भाऊजी अकोल्याच्या जुन्या शहरातले. पर्यटकांसाठी एक शाही गाडी चालायची, सह्याद्रीचे घाट उतरून थेट समुद्राकाठी जाणारी. तिच्यात ते अटेंडंट होते. चार खोल्या त्यांच्याकडे. चादरी, चहा, पाहुण्यांचे बूट, सगळं तेच पाहायचे. हिवाळ्यात हंगाम चालायचा आणि आपल्याकडे ऊन चटके द्यायला लागलं की हे घरी यायचे. मग बोगद्यांच्या आणि धबधब्यांच्या गोष्टी. पण समुद्राचं विचारलं की गप्प! कारण किनाऱ्याच्या स्टेशनात गाडी थांबली की पाहुणे वाळूत फिरायला जायचे आणि तेवढ्याच वेळात यांना चारही खोल्या आवरून ठेवाव्या लागायच्या. "समुद्र म्हंजे माह्यासाठी गालिच्यावरची रेती," म्हणायचे. "झाडू मारू मारू पाह्यला म्या समुद्र."

ताईने तर तोही पाहिला नव्हता. तिचा जन्म धामणगावचा, सासर अकोल्याचं. मोर्णेला पूर आला की तेवढंच काय ते मोठं पाणी. त्या गाडीत मात्र एक चांगली रीत होती. हंगामाच्या शेवटच्या फेरीत एखादी खोली रिकामी राहिली, तर जुन्या माणसाने आपल्या बायकोला घेऊन यायचं आणि पाहुण्यासारखं बसायचं. भाऊजींची पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती सोबत्याला देऊन टाकली. एकाची म्हातारी आई होती, दुसऱ्याचं नवं लग्न. "आपल्याले काय घाई हाय?" असं त्यांनी ताईला वर सांगितलंही. ताईही भोळी, हो म्हणाली. तिसऱ्यांदा पाळी यायच्या आत महासाथ आली. सगळ्या गाड्या थांबल्या, नंतर सुरू झाल्या. ही तेवढी थांबली ती थांबलीच.

मी माझ्या परीने एक शहाणपणा केला. दोघांची कोकणची साधी तिकिटं काढून अकोल्याला घेऊन गेलो. भाऊजींनी ती हातातही घेतली नाहीत. "ज्या गाडीत म्या लोकाइच्या चादरी टाकल्या, त्याच गाडीत हिच्यासाठी चादर टाकीन, अन् मंगच समुद्र दाखवीन. नाई तं नाई." मी चिडलो. म्हटलं, तुमच्या हट्टापायी तिनं काहून बसून राहायचं? ताई मलाच म्हणाली, "जाऊ दे ना बापू. येईन ते गाडी." तिकिटं रद्द केली. तेव्हा दोघंही धडधाकट होते, हे आठवलं की आता डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

मग भाऊजींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दोन महिन्यांत ते कंटाळले आणि एका सकाळी खाटेवरून उठायलाच तयार होईनात. ताईने मला बोलावून घेतलं. ती दारात उभी होती, पदर तोंडात धरून. आणि मी बोलून गेलो... "भाऊजी, तुमची गाडी सुरू होऊन राहिली. या हिवाळ्यात. शेवटच्या फेरीत बसणाऱ्या जुन्या माणसाइची यादी निघाली, तुमचं नाव हाये." तिकिटाचा धंदा करणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? भाऊजी उठले. चप्पल मागितली. त्यानंतर दवाखान्याची एकही पाळी त्यांनी चुकवली नाही.

आणि घरात गाडीची तालीम सुरू झाली. सुईने काळानिळा झालेला हात घेऊन हा माणूस खाटेवर चादर टाकायचा, कोपरे घडी घालून आत खोचायचा आणि ताईला वर बसवायचा. मग स्वतः ट्रेमधून चहा आणायचा. कप अर्धा-पाऊणच, घाटात सांडू नये म्हणून. ताईला ते सहनच व्हायचं नाही. नवरा चहा घेऊन येतोय म्हटलं की ती ताडकन उभी.

"मॅडम, बसा."

"अवो, मले नाई जमत असं बसून राहाले!"

"उठली तं सगळे हासतीन तुले. बस खाली."

मी हसायचो. पण दर भेटीत भाऊजी विचारायचे, तारीख निघाली काय? मी म्हणायचो, निघाली की सांगतो. खरं सांगावं तर ते पुन्हा खाट धरतील, न सांगावं तर हे असं. हिवाळा आला आणि अर्धा सरला. मला काहीही करता आलं नाही. गाडी थोडीच माझ्या हातात होती... खोटं तेवढं होतं.

तेरवीला माणसांच्या गर्दीत ताईशी बोलणं झालं नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. ताईच्या सुनेने चहा आणला. ताई खाटेच्या काठावर ताठ बसून होती, हात मांडीवर. उठली नाही. सुनेने कप हातात देईपर्यंत तशीच बसून राहिली.

"बसाची सवय मोडू नाई म्हणत तुह्ये भाऊजी," ती मला म्हणाली. मग सून आत गेल्यावर, हळूच, "बापू, त्या यादीतलं नाव त्याइचं हाये ना... मले एकटीले बसू देतीन काय रे?"

खरं सांगायचं असं अमरावतीहून ठरवून आलो होतो.

"देतीन," म्हटलं.