आंबागडचा गेरू

“गेरूचा अर्थ कोशात आहे. त्यासाठी भंडारा जिल्ह्यात कशाला तडफडायचं?” भावानं विचारलं. मी म्हटलं, “जाणार!” तीस वर्षं नागपुरात चित्रकला शिकवली, पोरांना सांगत आले की गेरू म्हणजे ‘गैरिक’, गिरीतून आलेला. आणि तो गिरीतून निघताना एकदाही पाहिला नाही. लाज वाटत होती, दुसरं काय!

आंबागडला विलास हा माझा जुना विद्यार्थी राहतो. मी पोहोचणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुलीचं साक्षगंध (साखरपुडा) होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तुमसरच्या बाजारातून गेरूचं पाकीट नेलं.

त्याच्या आईनं, सुमनबाईंनी, चिमूटभर भिजवून मातीच्या भिंतीवर ओढलं. सुकल्यावर हात फिरवला, तर सगळं तळव्यावर.

“मॅडम, हा गेरू नोहे. याले पहाड मालूमच नाई.”

मी ओशाळले. विलास तर ऑइलपेंटचा डबाच घेऊन बसला होता. “पाहुणे हसतील मॅडम. एवढी नोकरी असून मातीची भिंत!”

“भिंत माह्या हातची हाय,” सुमनबाई म्हणाल्या, आणि चुंगडी (लहान पोतं) घेऊन दुखऱ्या गुडघ्यानं निघाल्या. मीही मागोमाग. गावामागच्या किल्ल्याच्या डोंगरावर मी घसरले आणि पांढरी सलवार लालभडक झाली. बाई पोट धरून हसल्या. गेरूचं पहिलं ढेकूळ त्यांनी हातानं काढलं आणि परत जागेवर ठेवलं.

“पयलं पहाडाचं. मंग आपलं.”

मी कोशातला अर्थ सांगितला. त्या थांबल्या. “हे पुस्तकात लिवलं हाय? मंग माह्या पोराले वाचून दाखवा!”

फोनवर कोश उघडून दाखवलं. अंगणात, खड्या आवाजात, वर्गात वाचायचे तसं. विलासनं ऑइलपेंटचा डबा उचलून आत नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी भिंत सारवली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आईनं भिंतीकडे पाहून विचारलंच, “पेंट काहून नाई मारला?”

विलासनं मान खाली घातली. सुमनबाईंनी नाही.

“मले अजून पहाड चढता येते, म्हनून.”

विहीणबाई भिंतीलाच पाठ टेकून बसल्या. उठल्या तेव्हा पदराला काही लागलेलं नव्हतं.

नागपूरला आल्यावर भाऊ म्हणाला, “कोशातलाच अर्थ निघाला ना शेवटी?”

“तोच निघाला.”

“मग ती सलवार तरी धुवायला टाक.”

“नाही टाकणार!”