जास्वंदीची केस

आमच्या टिटवाळ्याच्या बिल्डिंगमधले तळमजल्याचे काका रिटायर झाल्यापासून टीव्हीवरची ती फॉरेन्सिकवाल्यांची जुनी मालिका पहिल्यापासून पुन्हा बघतायत. कोणीही भेटलं, की आधी चपलांकडे बघणार, मग तोंडाकडे.

त्यांच्या कुंडीतलं जास्वंदीचं फूल रोज सकाळी कोणीतरी पूजेला तोडून न्यायचं. परवा काकांनी कुंडीभोवती टाल्कम पावडर पसरून ठेवली. सकाळी पांढरे ठसे जिना चढून थेट आमच्या दारात! आत आई गणपतीला तेच फूल वाहत होती.

बाहेर काकांची चाहूल लागली. मी घाबरत दार उघडलं, तर काका फडक्याने ठसे पुसत होते.

"काका, चोर सापडला?"

"पुरावाच उरला नाही रे. आईंना सांग, उद्यापासून फूल मी वर आणून देईन. उजवा गुडघा दुखतो ना त्यांचा? त्याच पायाचे ठसे फरफटलेत."