माईसाहेबांचं बिनसाखरेचं गोड

चुलीत राख साठते तसे आमच्या स्वयंपाकघरात किस्से साठत गेले. राखेचा निदान भांडी घासायला उपयोग होतो, या किश्श्यांचं काय करायचं? आता तुम्ही आलाच आहात तर ऐका. चहा मात्र कुणीतरी उठून टाका. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

माईसाहेब म्हणजे जव्हार संस्थानातल्या एका जुन्या अंमलदाराच्या पत्नी. साहेब वारल्यावर बंगल्यात एकट्याच राहायच्या. मी त्यांची स्वयंपाकीण. दळण, सरपण बघायला दाभोशाची रखमी, आणि गाडीवान सोमा, तो पोशेरा गावचा. एवढाच आमचा दरबार.

माईसाहेबांना मधुमेह होता. त्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला वहाण लागली आणि ती जखम काही केल्या भरेना. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, तोंडाचे स्पष्ट. म्हणाले, "साखर, गूळ, मैदा, भात, सगळं बंद. नाहीतर एक दिवस हा पाय कापावा लागेल."

माईसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यमे, डॉक्टरांना चहा दे. साखर चांगली दोन चमचे घाल. त्यांचे पाय धड आहेत."

तिथून आमचे हाल सुरू झाले.

*

आठवडाभर बाईंनी मुकाट्यानं भाकरी-भाजी खाल्ली. मला वाटलं, सुटलो. आठव्या दिवशी त्यांना एकाएकी भक्ती सुचली. रोज देवाला शिऱ्याचा नैवेद्य! आता नैवेद्य बिनसाखरेचा कसा करणार? आणि प्रसाद म्हटला की तो नाकारायचा कसा?

मी डॉक्टरांना निरोप धाडला. ते नेमके आरतीच्या वेळेला हजर. माईसाहेब म्हणाल्या, "देवाला साखरेचं पथ्य सांगितलंय का तुम्ही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले, आणि शिऱ्याची वाटी उचलून तिथंच उभ्यानं पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशीही. बाई हट्टी, तर हेही काही कमी नव्हते. संक्रांत जवळ येईपर्यंत डॉक्टरांच्या कोटाची बटणं लागेनात, तेव्हा कुठं माईसाहेबांची भक्ती ओसरली. तूप संपत आलं होतं आणि माझे हातही शिरा ढवळून ढवळून दुखत होते.

*

संक्रांतीला बंगल्यावर बायकांची रीघ. जी येईल ती तिळगूळ हातावर ठेवून म्हणणार, घ्या आणि गोड बोला. डॉक्टर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "माईसाहेब, घ्या सगळ्यांचा. मान राखा. फक्त खाऊ नका."

बाईंनी सगळा तिळगूळ ताटात जमा केला आणि ताट डॉक्टरांपुढे सरकवलं. "मग गोड बोलायचंही मला बंधन नाही."

शिमगा होईपर्यंत त्या डॉक्टरांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. पट्टी बदलायला ते यायचे, बाई भिंतीकडे तोंड करून पाय पुढं करायच्या. मधल्या मधे मी निरोप्या. "यमे, त्यांना सांग, दुखतंय." मी सांगायची, "डॉक्टर, दुखतंय." दोघं हातभर अंतरावर. काय बोलणार? बोलायलाही अंगात त्राण लागतं.

*

शेवटी डॉक्टरांनाच दया आली. म्हणाले, "यमुनाबाई, मुंबईला मी एका मडमेच्या घरी एक डिश खाल्ली होती. पिकलेली सप्ताळू, पीच म्हणतात ती, चिरून भांड्यात घालायची, वर लोण्यात चोळलेला चुरा पसरायचा आणि भट्टीत भाजायचं. ती साखर पुष्कळ घालायची, आपण घालायची नाही. फळाचा जो काय गोडवा असेल तो. तोही वाटीभरच."

"चुरा कसला?" माईसाहेबांनी विचारलं. बोलणं नुकतंच सुरू झालं होतं.

"ओट म्हणून धान्य असतं. विलायतेत घोड्यांना घालतात."

"तेवढंच राहिलं होतं," माईसाहेब म्हणाल्या.

ओट इथं कुठून मिळणार? मी म्हटलं, नाचणी जाडसर दळून घेऊ. राहता राहिली सप्ताळू. डॉक्टरांच्या पुण्याच्या स्नेह्यांच्या बागेत ती झाडं होती. उन्हाळ्यात त्यांनी भरलेली करंडी रेल्वेनं इगतपुरीला पाठवली. तिथून आणायला सोमा बैलगाडी घेऊन गेला. मी दाराकडं डोळे लावून बसलेली.

सोमा आला. करंडी अर्धी.

"बाकीची कुठं गेली रे?"

"वाघोबाला दिली." सोमा अगदी निवांत. "नवा फळ हाय. देवाला दिल्याबिगर कसा खायाचा?"

आता ही सोमाच्या गावची रीत. नवं धान्य असो, नवी भाजी असो, पहिल्यांदा देवाचं. त्यात हे फळ तर उभ्या जन्मात कुणी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "अरे, पण देवाला एक पुरलं असतं."

"देवाला एकच ठेवला. मंग परसाद नको वाटाया? आख्खा पोशेरा जमला व्हता."

माईसाहेब आतून ऐकत होत्या. मला वाटलं, आता त्याची काही धडगत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रसाद खायला मीच पोशेऱ्याला जायला हवं होतं."

*

उरलेल्या फळांतली निम्मी पहिल्याच दिवशी गेली, त्याचं असं झालं. भट्टी आमच्याकडं नाही. मी रखमीला सगळं समजावलं. खाली फळं, त्यावर सुंठ-वेलची, वर लोण्यात परतलेला नाचणीचा चुरा. मडकं विस्तवात नीट पुरून ठेव, चारी बाजूंनी आच लागली पाहिजे. एवढं सांगून मी पाठ टेकायला गेले. पहाटेपासून उभी होते हो.

रखमीच्या घरी कंद भाजायची एक तऱ्हा आहे. मडक्यात कंद भरायचे, तोंडाला पाला कोंबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती विस्तव रचायचा. फार चवीचे होतात. मडकं विस्तवात पुरायचं म्हटल्यावर तिनं तेच केलं. आधी फळं, वर चुरा, तोंडाला पाला, आणि मडकं उपडं.

मी येऊन बघते तो सगळा रस पाल्यातून गळून राखेत गेलेला. चुऱ्याचा लगदा. फळं वर जाऊन मडक्याच्या बुडाला चिकटलेली, पार कोळसा.

"रखमे, अगं उपडं का केलंस?"

"बाय, उताणा ठेवला तं वरल्या अंगानं कसा भाजंल?"

प्रश्न बरोबर होता. मग दुसऱ्या दिवशी पितळी पातेलं घेतलं, त्यावर परात झाकली आणि परातीत निखारे ठेवले. झाकण उघडून बघायची सोय नाही. वासावर भरवसा ठेवून आम्ही दोघी पातेल्याशी बसून राहिलो, आणि बसल्या बसल्या मला डुलकी लागली.

*

डिश झाली मात्र फक्कड. वर कुरकुरीत तांबूस नाचणी, खाली मऊ आंबटगोड सप्ताळू. मी वाटी नेऊन पुढं ठेवली. माईसाहेबांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला.

"यमे, यात साखर घालायची राहिली."

"हो माईसाहेब."

"चव गवतासारखी लागते."

"हो माईसाहेब."

वाटी मात्र चाटून पुसून मोकळी. सप्ताळू संपली तशी मी जांभळं घातली, पावसाळ्यानंतर पेरू घातले. चुरा तोच नाचणीचा. रोज दुपारी वाटी न्यायची, रोज तेच ऐकायचं. साखर राहिली, गवत लागतं. वर्षभरात मला कंटाळा आला, चीडही आली. एकदा वाटलं, सांगावं, बाई, हा पाय तुमचा आहे, माझा नाही. नाही बोलले. कारण खरं सांगू, जखम मधे भरत आली होती. डॉक्टर पट्टी सोडताना गुणगुणायला लागले होते. आम्हाला वाटलं, जिंकलो आपण.

*

पुढच्या उन्हाळ्यात करंडी पुन्हा आली. सोमानं या खेपेला देवापुढं एकच फळ ठेवलं. फळ आता नवं राहिलं नाही, म्हणाला. आणि त्याच आठवड्यात माईसाहेबांचा अंगठा काळा पडला. मग शेजारचं बोट. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन पाहिला. म्हणाले, "मुंबईला न्यावं लागेल. गुडघ्याखालून."

माईसाहेबांनी विचारलं, "मग वर्षभर गवत खाऊन मी काय मिळवलं?"

डॉक्टर म्हणाले, "वर्ष."

निघायच्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "आज माझ्या मनासारखं कर. मडमेच्या घरचं. साखर, मैदा, सगळं." मी डॉक्टरांकडं पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "द्या. काय हवं ते द्या."

हा माणूस दीड वर्ष एका चमच्यासाठी भांडला होता.

मी मैदा चाळला, लोणी घेतलं, साखर मुठीमुठीनं घातली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराचं नव्हतं. रखमीनं परातीत निखारे भरले. दारात मेणा येऊन उभा राहिला तेव्हा मी वाटी त्यांच्यापुढं ठेवली.

माईसाहेबांनी एक घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मग वाटी हळूच बाजूला सारली.

"फार गोड झालंय गं, यमे. तुझं ते नाचणीचं कालचं काही उरलंय का?"