पानाच्या तळाशी कोण?

आमच्याकडे लग्नपत्रिका खालून वर वाचतात. नवरा-नवरी कोण हे गावाला पत्रिकेआधीच ठाऊक असतं. खरी उत्सुकता तळाशी असते. विनीत कोण, निमंत्रक कोण, कुठल्या मामाचं नाव गाळलं. ज्याचं नाव गळतं तो मांडवात येतो, पण पंगतीला बसत नाही, आणि त्याची समजूत काढता काढता घरच्यांचं जेवण राहतं. हे आधी सांगितलं, कारण माझ्या हातून जे झालं ते या सवयीपोटीच झालं.

मी तेलुगू मुलखाच्या कडेला, बोथजवळच्या एका गावात मराठी शिकवतो. इंटरनेटवर एक खुला ज्ञानकोश आहे. तिथं कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. त्यात आमच्या गावाचं पान नव्हतं. शेजारच्या गावाचं होतं, हे मला जास्त झोंबलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पान लिहून काढलं. कापूस, ज्वारी, ओढा, शाळा, सगळं आलं. तळाशी एक मथळा द्यायचा असतो, 'बाह्य दुवे'. म्हणजे या विषयाचं आणखी काही पाहायचं तर इंटरनेटवर कुठं जावं, ते तिथं सांगायचं. मी तो मथळा वाचला आणि मला लख्ख लग्नपत्रिका दिसली.

मग काय विचारता! खताच्या दुकानाचं पान, भजनी मंडळाचं, ब्लाउज शिवणाऱ्या वहिनींचं, डीजेवाल्याचं. इचोड्याच्या एका ढाब्याचंसुद्धा घातलं. ढाबा आमच्या गावात नाही, पण मालकाची बायको आमच्या गावची लेक. आणि मानानं सगळ्यात वर माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, भाऊजींचं चॅनल. भाऊजी लग्नांचं शूटिंग करतात आणि व्हिडिओ तिथं चढवतात. त्या आठवड्यात गावातल्या एकाही हॉटेलात माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

मग कुणा अनोळखी संपादकानं एका झटक्यात सगळे दुवे उडवले. खाली कारण दिलं होतं, की दुवा वाचकाच्या कामाचा हवा, दुव्याच्या मालकाच्या नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण लागून गेला आमच्या मांडवातून पाहुणे उठवणारा? मी पानाला जोडलेल्या चर्चेच्या जागेत भलं मोठं भांडण लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "या दुव्यावर गेल्यावर गावाबद्दल असं काय कळतं, जे पानात मावत नाही?"

थांब, दाखवतोच तुला, म्हणत मी एकेक दुवा उघडायला बसलो. खताच्या दुकानाच्या पानावर कळलं की युरिया आलेला आहे. डीजेवाल्याच्या पानावर कळलं की आवाज मोठा आहे. ढाब्याच्या पानावर पनीरचे फोटो होते, आणि तेही दुसऱ्याच कुठल्या ढाब्याचे असावेत. पनीरपाशी माझा राग निवला. माणूस बरोबर बोलत होता, आणि मला हसू यायला लागलं.

गाव चार दिवसांत विसरलं. भाऊजी विसरले नाहीत. त्याच सुमारास माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेत नाव कसं टाकू विचारायला मी फोन केला.

"टाकूच नका," भाऊजी म्हणाले. "त्या पानावरून काढलं ना? आता पत्रिकेवरूनबी काढा."

"भाऊजी, ते मी काढलं नाही."

"मंग वापस काऊन नाही टाकलं? तुमी मास्तर ना! आमी काही येत नाही लग्नाले."

भाऊजी नाहीत म्हणजे ताई नाही. आई गेल्यापासून आमच्या घरातलं कार्य म्हणजे ताईच. तिच्याशिवाय माझ्या लेकीला हळद लागायची, हा विचारच मला सोसवेना. दुवा गुपचूप परत टाकायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण तो पुन्हा उडाला असता आणि भाऊजींचा अपमान दुप्पट झाला असता. म्हणून ठरवलं, चॅनलवरचं सगळं पाहायचं. संपादकाच्या त्या एका ओळीला उत्तर देणारं काहीतरी सापडेलच.

शत्रूवरही ती वेळ येऊ नये. वराती, वराती, पुन्हा वराती. घोडे नाचतात, मामा नाचतात. आणि मग 'हळदी प्रोग्राम पार्ट टू' नावाचा आमच्याच गावातला एक जुना व्हिडिओ उघडला आणि मी ताठ बसलो. जात्यावर हळकुंडं दळणाऱ्या बायकांच्या मधोमध माझी आई होती. ती गाणं सांगत होती, बायका झेलत होत्या. गाण्यातली नवरी नवऱ्याला बांगड्या आणायला बोथच्या संतेला धाडते. संता म्हणजे आठवडी बाजार. शब्द तेलुगूचा, पण आमच्या मराठीत कधीचा मुरलेला. ही गाणी कुठं लिहिलेली नाहीत. मध्येच आई थांबते आणि म्हणते, "आता तुमी म्हना वं पोरीहो, मी घोटभर पानी पेते." मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि पोटभर रडलो.

अडचण एवढीच, की आईच्या तोंडावरून भाऊजींचा मोबाईल नंबर सरकत होता आणि गाण्याखाली सिनेमाची धून वाजत होती. मी भाऊजींच्या घरी गेलो. सांगितलं, "चॅनल नाही चालणार, पण हा एक व्हिडिओ चालेल. नंबर आणि धून काढा."

"नंबर काढला तर ऑर्डर कोठून येईन?" भाऊजी उसळले.

ताई आतून हात पुसत आली. "माह्या मायचं तोंड हाय ते. नंबर काढा."

भाऊजींनी कॉम्प्युटर सुरू केला.

घरचा दुवा आपणच टाकणं बरं नव्हे. म्हणून मी चर्चेत स्वच्छ लिहिलं: चित्रण माझ्या भाऊजींचं, गाणारी माझी आई, ठरवा तुम्ही. दोन दिवसांनी त्या अनोळखी माणसानंच दुवा पानावर चढवला. पुढं लिहिलं, 'गावातल्या हळदीच्या गाण्यांची चित्रफीत'. भाऊजींचं नाव नाहीच. पत्रिकेत मात्र मी ते विनीतांच्या सगळ्यात वर छापलं.

हळदीच्या दिवशी बायका जात्याभोवती बसल्या आणि गाण्याची सुरुवातच कुणाला आठवेना. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर गावाचं पान उघडलं, तळाशी गेलो आणि दुवा दाबला. आईचा आवाज मांडवात आला. भाऊजी शूटिंग करत होते, त्यांनी कॅमेरा नवरीवरून फोनकडे वळवला. आई बोथच्या संतेपर्यंत गेली, थांबली, आणि म्हणाली, "आता तुमी म्हना वं पोरीहो, मी घोटभर पानी पेते."

ताईनं जात्याचा खुंटा धरला, आणि पुढची ओळ सगळ्यांनी म्हटली.