लंकाबाईची पिठोरी

“माजा सन हाय म्हनतूस, मंग चुलीपुढं मी का रं बसलीया? तू बस. मी पाय पसरून वट्यावर बसते.”

लंकाबाईनं पुरी उलटली आणि धुरातून पोराकडं पाहिलं. राधाकिसन तिचा एकुलता एक. श्रीरामपूरकडं एका साखर कारखान्यावर पहारेकरी. अंगात खाकी, खिशाला शिट्टी. दिवाळीला यायचा नाही, आखितीला यायचा नाही, आज पिठोरीला तेवढा उगवला होता.

“आये, आज मातृदिन आसतो. आमच्या कॉलनीत मास्तरीनबाईनं भाषान केलं. आईचं पांग फेडायचा दिस हाय.”

“पांग फेडाय आलास तर ह्यो छगन्या कशाला आनलाय?”

छगन हा शेरडांचा व्यापारी. तो बाहेर दावणीपाशी लंकाबाईच्या शेरडांच्या पाठीवर बोटं दाबत उभा होता. आईला लुगडं आणि आईच्या शेरडांना गिऱ्हाईक, दोन्ही ह्या पठ्ठ्यानं एकाच एसटीतून आणलं होतं. बेत असा, की शेरडं विकायची, घराला कुलूप घालायचं आणि म्हातारीला क्वार्टरवर न्यायची. बायकोला दुसरं मूल होणार होतं. पहिलं सांभाळायला नि भांडी घासायला बाई ठेवली तर पगार मागते. आईचं भाषणावर भागतं.

लंकाबाई पाथर्डीकडच्या उघड्या माळावरची. नवरा मेल्यावर ना दिराच्या दारी गेली, ना भावाच्या. ह्या गड्याला खाकी चढेपर्यंत पोसला तो शेरडांच्याच दुधावर. आता तीच शेरडं साहेबांना वास मारत होती. शेरडं दावणीला आहेत तोवर आपण आपल्या घरच्या. ती गेली की सुनेच्या चुलीपुढच्या, हे म्हातारीला पक्कं ठाऊक. पण सणासुदीला तोंड कशाला वाईट करायचं, म्हणून सकाळपासून ती ना हो म्हणाली होती, ना नाही.

आमच्याकडं त्या दिवशी बैलांचा पोळा आणि आयांची पिठोरी एकदमच येते. बैलाला आंघोळ, शिंगाला हिंगूळ, पोटाला पुरणपोळी आणि दिवसभर आराम. आईला उपास आणि दिवसभर चूल. सांजच्याला तिनं खीरपुरीचं वाण डोक्यावर धरायचं, मागं न बघता “अतित कोण?” म्हणजे पाहुणा कोण, असं विचारायचं. मागून पोरानं “मी” म्हणायचं आणि ताट घेऊन खायचं.

बैल मिरवून आले. शेजारची मालनबाई दारात येऊन बसली. लंकाबाईनं देवापुढं बसून ताट डोक्यावर धरलं.

“अतित कोन?”

मागं कुणीच नाही. राधाकिसन दावणीपाशी काळ्या शेरडीचा जबडा फाकून छगनला दात दाखवत होता.

“अतित कोन?”

“आरं राधाकिसना, वान घे की!” मालनबाई ओरडली.

“आलू, आलू! तूच धर जरा, मावशे. हितं सौदा तुटतुय!”

लंकाबाईचे हात भरून आले. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, तेव्हा शेरडीनंच काय तो आवाज दिला. मग म्हातारीनं ताट खाली घेतलं, मांडीवर ठेवलं.

“मी हाय,” असं आपणच म्हणाली आणि खिरीत पुरी बुडवून खायला लागली.

“आगं बया!” मालनबाईनं तोंडाला पदर लावला. “आईनं सोता वान खायाचं? इपरीत गं!”

तेवढं ऐकून मात्र लेक पळत आला. “आये, माजं वान!”

“तुजं? कहानी तरी ठावं हाय का तुज्या मास्तरनीला? दर साली घरात सराध, त्याच दिशी सून बाळत व्हायाची, पोर मरायाचं. बामनं उपाशी उठायाची. शेवटाला सासऱ्यानं मेलेलं पोर तिच्या वटीत घातलं आन तिला रानात हाकलली. नवरा काय करीत हुता, ते कहानीत न्हाई. घास गिळीत बसला आसंल. ती उपाशी झाडावर बसली. खाली चौसट जोगिनींनी खीरपुरीचा निवद केला, इचारलं, अतित कोन? तवा ‘मी हाय’ कोन म्हनलं? पोर? आरं, आई म्हनली! आन तुमी आईला उपास लावून ताटावर पोर बशिवलं. काय गं मालने, खोटं हाय का?”

“न्हाई, कहानी हाय खरी आशीच,” मालनबाई पुटपुटली. दर साली तीच सगळ्यांना वाचून दाखवायची.

“बरं, खाल्लंस तर खाल्लंस,” राधाकिसन म्हणाला. “शेरडांचं काय?”

“शेरडं हायती तितंच ऱ्हातील. छगन्या, हातातलं दावं ठिव खाली.”

“मावशे, ह्योच म्हनला, म्हातारीची कबुली हाय.”

“म्हातारीची कबुली म्हातारीच्या तोंडात आसती. तितं आता खीर हाय.”

“आगं, मंग तिकडं पोराला कोन बगंल?” राधाकिसन बोलून गेला.

“ह्ये बग, मातृदिन भाईर पडला!” लंकाबाईनं बोट चाटलं. “बाप हाय की त्येला. रडलं तर शिट्टी वाजीव.”

छगन हसत वाटेला लागला. पाठोपाठ पांग फेडणारा लेकही शेवटची एसटी गाठायला निघाला. जाताना आईच्या पाया पडायचं राहिलं, पण उंबऱ्याजवळचं लुगडं काखेत मारायला तो विसरला नाही.

लंकाबाईनं ताट धुतलं. धारेची वेळ टळून गेली होती, करडं ओरडून ओरडून दमली होती. ती चरवी घेऊन काळ्या शेरडीखाली बसली.

“नीट हुबी ऱ्हा गं,” म्हणाली आणि धार काढायला लागली.