कोरड्या गादीसाठी येलदरीपर्यंत

शुक्रवारी सकाळी आमच्या जुन्या जीपच्या मागे चाकांवरची खोली जोडून मी परभणीतून निघाले. पाथरी रोडवर चहाला थांबले तर चहावाल्यानं विचारलं, "ताई, आईस्क्रीमची गाडी का?"

"नाही. झोपायची."

त्यानं एकदा मला आणि एकदा त्या पांढऱ्या डब्याला नीट पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. बाहेरून पत्रा, आतून प्लाय, दोन्ही बाजूंना एकेक सरकती खिडकी, घट्ट बसणारं दार, आणि आत भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायच्या खोक्यावर फोमची जाड गादी. शहरातले लोक असल्या गाड्या ओढत डोंगरात सुट्टी घालवायला जातात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. आमची खोली सुट्टीसाठी नव्हती.

स्पष्टच लिहिते. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊस तोडायला टोळ्या निघतात. कारखान्याला ऊस लागतो, उसाला तोडणारे हात लागतात, आणि त्या हातांना रात्री पाठ टेकायला जागा लागते, ही शेवटची गोष्ट मात्र कुणाच्याच कागदावर नसते. सहा-सहा महिने बायका कोपीत (पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याची झोपडी) ओल्या भुईवर झोपतात. ऊसतोड बायकांसाठी काम करणाऱ्या आमच्या संघटनेनं वर्गणी जमवून ही एक खोली बांधून घेतली. ट्रॅक्टरच्या मागे जोडायची आणि टोळीबरोबर न्यायची. खोली कशी हवी त्या मागण्यांचं पत्रक मी लिहिलं होतं. त्यातली पहिलीच मागणी: 'एकही फट नसलेली खोली'. फॅब्रिकेशनवाल्या इब्राहिमभाईंच्या पुढ्यात तो कागद ठेवून मी तश्शी खोली करून घेतली होती.

पेडगावला कौसामावशी गाठोडं घेऊन तयारच होत्या. वीसेक वर्षं ऊस तोडलेली बाई. त्यांची सून मीरा दारात उभी होती, कडेवर वर्षाची ईश्वरी. मागच्या हंगामात ही पोर दोन महिन्यांची होती आणि कोपीतल्या ओलीनं हंगामभर खोकत राहिली. खोलीत येऊन मीरानं गादी दाबून पाहिली, दार लावून पाहिलं, आणि मला म्हणाली, "दिसायला चांगलीय. पण दिसन्यावर मी न्हाई जात. तीन राती तुमी दोघी झोपून या. कोरडी राहिली तर ईशू माज्यासंग येईल. वली झाली तर ती हितं ह्या आईपाशी राहील अन् मी एकली जाईन."

"एकटी? ती अजून अंगावर पिते ना?"

"पिती की. म्हनून तर म्हनायले, नीट बगून या."

एवढ्यासाठी ही सफर होती.

मावशींची अट एकच, आधी पोखर्णीच्या नरसिंहाला जायचं. म्हणजे आल्या वाटेनं परत परभणी आणि तिथून पुढं. मी कुरकुरले, पण रस्त्यानं मन रमलं. तूर पिवळ्या फुलावर आली होती, ज्वारी गुडघ्याला लागत होती, कापसाच्या रानात वेचणाऱ्या बायकांच्या पाठी दिसत होत्या. देवळाजवळ मोकळ्या जागेत खोली लावली. दर्शन झालं. मावशींनी गाठोड्यातून ज्वारीच्या भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ) काढलं, समोरच्या हॉटेलातून गरम पाणी मागून आणलं आणि पाच मिनिटांत आमटी केली. मी तीन भाकरी खाल्ल्या.

झोपताना मावशी म्हणाल्या, "ताई, खिडकी जरा उगड ग. जीव घुसमटायलाय."

मी त्यांना समजावलं. बायकांची सुरक्षितता, अनोळखी गाव, बंद दाराचा हक्क, सगळं क्रमानं सांगितलं. त्या उठून बसल्या.

"बरं, खिडकी बंद ठिव. पन भाषन बी बंद कर."

सकाळी दोन्ही काचांवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. बाहेर गारठा आणि आत ऊब. मला वाटलं, वा, हेच तर आपण मागत होतो! फडक्यानं काचा पुसल्या, गादीवर चादर नीट केली आणि निघालो. मावशींनी मात्र आपली वाकळ (जुन्या लुगड्यांची जाड गोधडी) गुंडाळून बाहेर उन्हात टाकली होती. "सवय हाय," एवढंच म्हणाल्या. गादी उचलून खाली पाहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

जिंतूरला जेवायला थांबलो आणि तिथं माझी फजिती झाली. हॉटेलासमोरून खोली मागे घ्यायची होती. मी स्टिअरिंग डावीकडं फिरवावं तर खोली उजवीकडं जाई, उजवीकडं फिरवावं तर डावीकडं. चार माणसं जमली. एक म्हणे "काटो, काटो," दुसरा म्हणे "सीधा." तिसरा नुसता कपाळाला हात लावून उभा. बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर प्रत्येकाला शिकवणी घ्यायची असते, हा अनुभव मला नवा नाही. तेवढ्यात मावशी खाली उतरल्या आणि ओरडल्या, "जिकडं मागचं न्यायचंय त्याच्या उलटं फिरव! ट्रॉल्या मागं घेताना जिंदगी गेली माजी बगन्यात." मी उलटं फिरवलं. खोली मुकाट्यानं जागेवर गेली. चौघांपैकी एक जण म्हणाला, "मी बी तेच सांगायलो व्हतो."

येलदरीला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, त्यात मासे धरणाऱ्यांच्या दोन होड्या, काठावर सुकत घातलेली जाळी. एका होडीच्या मालकीणबाईंच्या, शांताकाकूंच्या, घराशेजारी खोली लावायला परवानगी मिळाली. "भाडं न्हाई घेनार. पन जेवन माज्याच घरी," असा त्यांनी दम दिला. माशाचा झणझणीत रस्सा, ज्वारीची गरम भाकरी, बाजूला कांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवलो. त्या रात्री मीच नीट तपासून खिडक्या बंद केल्या. पाण्याकाठी थंडी जास्त असते, असं मावशींना सांगितलंही.

रविवारी सकाळी मी तोंड धुऊन येते तर मावशींनी गादी एका बाजूनं उचलून धरली होती.

"इकडं ये. हात लाव."

गादीची खालची बाजू थंडगार ओली होती. प्लायवर दोन मोठे गडद डाग पडले होते आणि त्यांच्या कडेनं मोहरीएवढे काळे ठिपके. भिजलेल्या पोत्याचा वास येत होता. मला आधी पेडगावच्या दारातली मीरा दिसली, आणि मग राग आला. माझा राग नेहमी पत्ता शोधत असतो आणि त्याला तो लगेच सापडतो. मी इब्राहिमभाईंना फोन लावला.

"तुमचं छत गळतंय! वर्गणीचे पैसे आहेत हे, गरिबांच्या खोलीत असलं काम करता?"

पलीकडून शांतपणे आवाज आला, "ताई, रात्री पाऊस पडला का?"

"नाही."

"मंग छत गळून गळून काय गळलं? अन् वारं खेळायला जरा फट ठिवू का म्हनून मी इचारलं व्हतं का न्हाई? तुमीच कागद दाखिवला मला. फट नको म्हनल्या."

मी फोन ठेवला. मावशी गादी निरखत होत्या. "वरून कोरडी हाय, खालून वली. छताचं पानी असतं तर आधी वरून भिजली असती. अन् डाग बग कुटं हायत. हा तुज्या पाठीखाली, हा माज्या पाठीखाली."

"पण आपण काय पाणी सांडलं का?"

शांताकाकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मावशींनी तव्यावरची एक भाकरी उचलून माझ्या स्टीलच्या ताटात सपाट टाकली आणि वर झाकण ठेवलं. दुसरी टोपल्यात उभी केली. "च्या पी तवर," म्हणाल्या. चहा संपल्यावर झाकण काढलं. ताटातली भाकरी उलटली तर खालून ओलीचिंब, ताटात पाण्याचे थेंब. टोपल्यातली कोरडी ठणठणीत.

शांताकाकू हसायला लागल्या. "एवढं बी ठाव न्हाई व्हय पोरीला? भाकर कुनी ताटात झाकून ठिवतंय का?"

"ती कागदावर भाकरी करती," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, जरा मऊ आवाजात, "आंग गरम असतंय. वाफ निगती, तोंडातून निगती, अंगातून निगती. तिला जायला वाट न्हाई. मग गार जागा बगून बसती. काचंवर बसली, गादीखाली बसली. तू त्या ताटात झाकन घालून झोपायलीस."

कारखानदार नाही, सरकार नाही, ठेकेदार नाही. गादी मी भिजवली होती, माझ्या श्वासानं, आणि ती माझ्याच मागणीमुळं सुकत नव्हती. गुन्हेगार इतक्या जवळ सापडण्याची मला सवय नव्हती.

मग दिवसभर काम चाललं, आणि खरं सांगू, या सफरीतला सगळ्यात चांगला दिवस तोच. गादी काठावरच्या खडकाला टेकवून उन्हात उभी केली. प्लाय मिठाच्या पाण्यानं घासला आणि सुकू दिला. शांताकाकूंच्या जळणात गेल्या साली ठेवलेल्या तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) होत्या. मावशींनी गाठोड्यातून कोयता काढला, सरळ तुराट्या निवडल्या, गाठी तासून गुळगुळीत केल्या. मी जाळं विणायच्या नायलॉन दोऱ्यानं त्या बांधत गेले, एक थर उभा, एक आडवा. माझी पहिली गाठ शांताकाकूंनी बोटानं सोडवून दाखवली. नंतरच्या टिकल्या. दुपारपर्यंत गादीएवढी जाळी तयार झाली. प्लायवर ती आणि तिच्यावर गादी. आता खालून हात घातला तर बोटांना वारा लागत होता.

"कडब्याची गंजी रचताना खाली दगडं-लाकडं टाकतेत," मावशी म्हणाल्या. "भुईला टेकली की खालचा थर कुजला. मानसाचं काय येगळंय?"

गादी अजून दोन्हीकडं भिंतीला टेकत होती. मावशींनी वीतभर अंतर मोजलं आणि मी 'थांबा' म्हणायच्या आत कोयत्यानं फोमची एक पट्टी सरळ कापून काढली.

"मावशी! संघटनेची गादी आहे ती!"

"संघटनेला सांग, कौसीनं कापली. ही घे, उशी झाली."

खिडकीचा प्रश्न उरला. माझी भीती खोटी नव्हती आणि मावशींनीही तिला खोटी म्हटलं नाही. त्यांनी खिडकीच्या खाचेत तुराटीचा एक तुकडा मापून बसवला. काच दोन बोटं सरकायची आणि अडायची. बाहेरून कुणी कितीही ओढो, हात आत जाणार नाही. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्यांना तसंच केलं.

सोमवारी उठल्या उठल्या गादी मी उचलली. कोरडी. प्लाय कोरडा. फक्त पायाकडच्या एका कोपऱ्यात तळव्याएवढी ओल होती, कारण तिथं मी माझी पिशवी भिंतीला दाबून ठेवली होती. काचांवर नुसती धूसर वाफ. शांताकाकूंना हाक मारून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "रोज सकाळी उचलून उबी करा मातर. एकदा केलं म्हंजी झालं असं न्हाई." वाटेत खायला त्यांनी तळलेले मासे बांधून दिले.

परतताना परभणीत इब्राहिमभाईंकडं गेले आणि आधी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी राहू द्या, खोली आत घ्या." खोक्याच्या बाजूंना त्यांनी भोकं पाडली, दाराखाली आणि छताजवळ झरोके कापले, सगळ्यांना बारीक जाळी लावली. काम होईपर्यंत मावशी शेजारी उभ्या राहून सूचना देत होत्या आणि ते ऐकत होते. मी मुद्दाम काही बोलले नाही.

पेडगावला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं: 'मीरा, गादी कोरडी आहे.' पण माझ्या आधी मावशीच बोलल्या.

"दोन राती वली झाली, एक रात कोरडी."

मीरानं सगळं ऐकून घेतलं. भाकरीचं ऐकून हसली. मग म्हणाली, "मग आज मी झोपते पोरीला घिऊन. तुमी घरात जा."

मंगळवारी सकाळी मी दारासमोर चहाचा कप धरून उभी होते आणि चहा गार होत होता. मीरानं ईश्वरीला मावशींकडं दिलं. गादी उचलली. हाताच्या पाठीनं खालून पाहिलं, मग गाल लावून पाहिलं. तुराट्यांच्या मधून बोट घालून प्लायवर फिरवलं आणि ते बोट हुंगलं. भिंतीला, कोपऱ्यात, सगळीकडं हात लावला. गादी खाली टाकली, पोरीला तिच्यावर बसवलं, दार लावलं, आणि एकटीच रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत चालत गेली. तिथून तिनं नेहमीच्या आवाजात हाक मारली, "ईशू!"

आतून, खिडकीच्या दोन बोटांच्या फटीतून, ईश्वरीचा हुंकार आला. मग थोडं रडणं.

मीरा परत आली. "तोडायला गेलं की ही आत झोपल. रडली तर ऐकू येतंय. तुमच्या पयल्या डब्यात आलं नसतं." आणि सासूकडं वळून, "आई, हिची दुपटी बी बांदा."

मी खोली तिथंच सोडून रिकामी जीप घेऊन परभणीकडं निघाले. ही एक खोली आहे आणि ओल्या भुईवर झोपणाऱ्या टोळ्या कितीतरी. तो राग कमी झालेला नाही, होऊही नये. पण त्या सकाळी गाडी चालवताना मी गुणगुणत होते, हेही खरं. निघताना मीराला म्हटलं होतं, दुसरी खोली करताना तू इब्राहिमभाईंकडं माझ्याबरोबर चल.

"येते की," ती म्हणाली. "हंगाम झाल्यावर. तवर तुमी घाईनं काय करून ठिवू नका."