उचगावच्या बाईंची चिठ्ठी

ती दर सोमवारी यायची. मी तेव्हा शाहूपुरीत औषधाच्या दुकानात होतो आणि झोपेच्या गोळ्यांची नोंदवही मीच लिहायचो. उचगावहून चालत आलेली ती बाई पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढायची, काउंटरच्या काचेवर तळव्यानं सपाट करायची आणि म्हणायची, "पावणं, जरा उरका की. रात काय माझ्यासाठी थांबत न्हाय."

तिचे डॉक्टर तिला न तपासताच तीन वर्षं त्याच गोळ्या लिहून देत होते. मी तारखा आणि गोळ्यांची यादी केली आणि वहीसकट तक्रार पाठवली. चौकशी होऊन डॉक्टरांची नोंदणी रद्द झाली. मला समाधान वाटलं.

पुढच्या सोमवारी तिचे हात थरथरत होते. जुनी चिठ्ठी मी घेतली नाही.

"डाक्टरला घरी बसवलासा, बरं केलासा," ती म्हणाली. "पर आता मला झोप कोण देणार?"

माझ्या यादीत हे कलमच नव्हतं. तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायचं मी त्याच संध्याकाळी ठरवलं; पण तिचा पत्ता त्या वहीत होता आणि वही पुराव्यात गेली होती. ती पुन्हा आली नाही.

अजूनही कुणी बाई पदराची गाठ सोडताना दिसली, की मी थांबून तिचे हात बघतो.